शिंगवाला आणि बिनशिंगी : एकाच शेणकिड्याचे दोन नर

नमस्कार, श्रोतेहो. आज एका लहानशा शेणकिड्याची ओळख करून घेऊ. त्याचं शास्त्रीय नाव ऑन्थोफॅगस टॉरस. लांबी साधारण ८ ते १० मिलिमीटर, रंग काळा किंवा काळपट तपकिरी. मूळचा हा दक्षिण युरोप आणि भूमध्य समुद्राभोवतालच्या मुलखातला. गुरांच्या शेणाची विल्हेवाट लागावी म्हणून ऑस्ट्रेलियात तो मुद्दाम नेऊन सोडला गेला, आणि आता उत्तर अमेरिकेतही तो चांगलाच स्थिरावला आहे.

हा ढालपंखी (म्हणजे पुढचे पंख कठीण ढालीसारखे असलेल्या) गणातला, स्कॅराबिइडी कुलातला, स्कॅराबिइनी उपकुलातला कीटक. १७५९ मध्ये जर्मन निसर्गशास्त्रज्ञ श्रेबर यांनी त्याचं वर्णन केलं तेव्हा त्याला स्कॅराबियस या प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, बसवलं होतं. ऑन्थोफॅगस ही प्रजाती फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ लात्रेय यांनी १८०२ मध्ये वेगळी काढली आणि आपला कीटक तिकडे गेला. म्हणून शास्त्रीय ग्रंथात त्याच्या नावापुढे श्रेबर आणि १७५९ कंसात छापलेलं दिसतं. जातीचं वर्णन ज्यांनी केलं त्यांचं नाव तेच राहतं, प्रजाती मात्र पुढे बदलली, एवढं तो कंस सांगतो. यादी उतरवताना हा कंस गाळणं ही चूकच धरली जाते. ऑन्थोफॅगस या एका प्रजातीत आज २,०००हून अधिक जाती आहेत, त्यामुळे 'शेणात सापडला, काळा आहे, लहान आहे' एवढ्यावर ओळख पटत नाही.

ओळख करायची तर दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. कीटकावर शेणाचा थर असतोच. कोमट पाण्यात भिजवून मऊ ब्रशनं तो आधी काढा, नाहीतर पृष्ठभागावरचे केस आणि बारीक खळगे दिसत नाहीत आणि केसाळ जात गुळगुळीत ठरते. मग दोन्ही ढालपंख पुढे जिथे एकत्र येतात तिथे पाहा. त्याच शेणात ॲफोडियस गटाचे छोटे किडे असतात. त्यांच्यात या ठिकाणी एक लहान त्रिकोणी तुकडा स्पष्ट दिसतो. ऑन्थोफॅगसमध्ये तो दिसत नाही. नंतर किडा उलटा करा. मधल्या पायांची मुळं एकमेकांपासून दूर असतात, आणि मागच्या पायाच्या नडगीच्या टोकाला एकच काटा असतो, ॲफोडियसमध्ये दोन. पोटाचं शेवटचं टोक ढालपंखांबाहेर उघडं राहतं. मिशांच्या टोकाला तीन पाकळ्या असतात. पुढच्या पायांची नडगी रुंद आणि दातेरी असते, कारण हा किडा शेणाखालीच बोगदा खणतो. गोळा करून लोटत नेणाऱ्यांपैकी तो नाही. बरेच दिवस खणलेल्या किड्याचे हे दात झिजून बोथट होतात. तेव्हा दातांच्या आकारावरून जात ठरवू नका. कोशातून नुकताच निघालेला किडा फिकट, तांबूस असतो, म्हणून रंगावरही विसंबू नका.

आता शिंगं. मोठ्या नराच्या डोक्यावरून दोन लांब, बारीक शिंगं निघतात आणि कमानीसारखी मागे वळतात. लहान नरांत त्यांच्या जागी नुसते खुंट असतात, मादीच्या डोक्यावर दोन आडव्या कडा. शिंगवाला आणि बिनशिंगी नर शेजारी ठेवले तर दोन जाती वाटाव्यात इतके वेगळे दिसतात, पण जात एकच. अळीला मातेनं रचून ठेवलेलं शेण किती मिळालं यावर प्रौढाचा आकार ठरतो. तो एका ठरावीक मर्यादेपलीकडे गेला तरच शिंगं पूर्ण वाढतात. मधल्या लांबीच्या शिंगांचे नर फार थोडे. मोठा नर बोगद्याच्या तोंडाशी राखण करतो आणि शिंगांनी दुसऱ्याला ढकलून लावतो. अशा नराची ओढण्याची ताकद मोजली तेव्हा त्यानं स्वतःच्या वजनाच्या १,१४१ पट भार पेलला. लहान नर भांडत नाही, बाजूनं बोगदा काढून मादीपर्यंत पोहोचतो. शिंगांची किंमतही असते : ती ज्यांना मोठी, त्यांचे डोळे त्या मानानं लहान राहतात.

कोशावस्थेत तर आणखी एक शिंग असतं, आणि तेही नर-मादी दोघांत, छातीवर. प्रौढ होण्याआधी ते शरीरातच विरघळून जातं. ते का उगवतं, याचं उत्तर फार सुंदर आहे. कोश होताना अळीच्या डोक्याचं कठीण कवच फुटून गळावं लागतं, आणि त्यासाठी आतून रेटा देण्याचं काम हे शिंग करतं. वाढीच्या वेळी ते काढून टाकलं तर जुनं कवच डोक्याला चिकटून राहतं.

मग बिनशिंगी नर आणि मादी कशी वेगळी करायची? पोटाचा शेवटचा खालचा पट्टा बघा. नरात तो मधोमध चिंचोळा होतो, मादीत सलग रुंद राहतो. डोक्याकडे बघून लिंग ठरवणाऱ्याची लहान नरांत हमखास फसगत होते.

या जातीचा अगदी जवळचा भाऊ आहे ऑन्थोफॅगस इलिरिकस. मादी किंवा लहान नर हाती असेल तर बाहेरून दोघांतला फरक नेहमी पटत नाही. अशा वेळी नर हाती असेल तर त्याचं जननेंद्रिय काढून तपासावं लागतं. वाळलेला किडा कोमट पाण्यात मऊ करा, टोक वळवलेल्या बारीक टाचणीनं पोटाच्या मागून अवयव हळूच ओढा आणि किड्याच्याच टाचणीवर वेगळ्या कार्डाला चिकटवून ठेवा. घाईनं कोरड्या किड्यावर हे केलं तर पोटच फुटतं. मुख्य टाचणी उजव्या ढालपंखातून घाला, मधल्या रेषेतून नाही. म्हणजे निदान एक बाजू तरी अखंड राहते. फारच लहान किडा टाचणीऐवजी त्रिकोणी कार्डाच्या टोकाला चिकटवा.

लेबलवर ठिकाण, तारीख आणि शेण कोणत्या जनावराचं, हे तिन्ही लिहा. ठिकाण तर विसरूच नका, कारण शिंगं फुटण्याची आकारमर्यादा सगळीकडे सारखी नसते : पश्चिम ऑस्ट्रेलियात वसलेल्या किड्यांत ती अमेरिकेतल्या किड्यांपेक्षा वर सरकली आहे, आणि एकाच मापाचा नर एका ठिकाणी शिंगवाला तर दुसरीकडे बिनशिंगी निघू शकतो.