‘का?’ विचारायचं तर सगळ्यांना विचारा

‘आपली ओळख कोण ठरवणार?’ हे आजचं भाषण सुरू होण्याआधी पुढच्या रांगेतल्या एका काकांनी मला विचारलं, “ताई, ही मुलं अशी, म्हणजे समलिंगी, का होतात हो?” प्रश्न प्रामाणिक होता. मी म्हटलं, “काका, तुम्हाला काकूच का आवडल्या?” काका हसले, काकू त्याहून जास्त हसल्या. पण मी गंमत करत नव्हते. मनोविश्लेषण, म्हणजे माणसाला बोलतं करून त्याच्या मनाचा ठाव घेण्याची पद्धत, सुरू करणाऱ्या फ्रॉइडने 1915 मध्ये लैंगिकतेवरच्या आपल्या जुन्या निबंधांना एक तळटीप जोडली. पुरुषाला फक्त स्त्रीचंच आकर्षण वाटावं, हेसुद्धा आपोआप समजण्यासारखं नाही, त्याचाही उलगडा करावा लागेल, असं तो तिथे म्हणतो. मनोविश्लेषणातलं मला सगळ्यात मोलाचं वाटणारं वाक्य हेच. आणि नेमकं तेच सगळे विसरले.

त्याने 1920 मध्ये लिहिलेली एक केस सांगते. व्हिएन्नातली अठरा वर्षांची मुलगी. तिच्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या एका बाईवर तिचा जीव जडला होता. एके दिवशी दोघी रस्त्याने जाताना समोरून वडील आले. त्यांनी रागाने एक नजर टाकली आणि ते निघून गेले. आता आपल्याला भेटू नकोस, असं त्या बाईनेही तिथेच सांगून टाकलं. मुलीने धावत जाऊन भिंतीवरून खाली रेल्वेच्या रुळांकडे उडी घेतली. वाचली. मग वडील तिला घेऊन फ्रॉइडकडे आले: हिला सरळ करा.

फ्रॉइडने काय लिहिलं? मुलगी आजारी नाही. तिची स्वतःची काही तक्रार नाही, तक्रार आईवडिलांची आहे. आणि समलिंगी माणसाला भिन्नलिंगी करणं हे भिन्नलिंगी माणसाला समलिंगी करण्याइतकंच अवघड आहे. पुढे त्याने तिच्या मनाचे जे अर्थ लावले, ते मला मुळीच पटत नाहीत. पण ती नजर मी ओळखते. आपल्या नाशिकच्या कॉलेज रोडवरून, सिडकोतून, सातपूरहून आईवडील मुलांना घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला येतात, तेव्हा तीच नजर खोलीत येऊन बसते. एका मुलाला तर याच शहरातल्या एका डॉक्टरांनी ‘बरं करतो’ म्हणून महिनोन्महिने गोळ्या दिल्या होत्या. तो मान वर करून बोलायचाही बंद झाला होता. याचा मला आजही संताप येतो.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. विषय होता ‘आपली ओळख कोण ठरवणार?’, तेव्हा भराभर सांगते. फ्रॉइडनंतरच्या अमेरिकन मनोविश्लेषकांनी समलैंगिकतेला आजार ठरवलं. तिथल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 1973 मध्ये ती आजारांच्या यादीतून काढली, जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्ये. ओळखीत स्वतःचं लिंगही आलं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये ट्रान्सजेंडर व्यक्तींबद्दल सांगितलं, की आपलं लिंग कोणतं हे ज्याचं त्याने ठरवायचं, त्यासाठी शस्त्रक्रियेची अट नको. 2019 च्या कायद्याने मात्र त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र मागितलं. मला ते मान्य नाही.

मग विश्लेषकाचं काम काय? ऐकणं. समोरच्याने आपल्या ओळखीला आज एक नाव दिलं, उद्या दुसरं जवळचं वाटलं, तर घाई न करता सोबत राहणं. नाव विश्लेषकाने सुचवायचं नाही आणि खोडायचंही नाही.

पालकांना एवढंच सांगते: कुणी डॉक्टर ‘मुलाला बदलून देतो’ म्हणाला, तर तिथून उठा. 2022 पासून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असा उपचार व्यावसायिक गैरवर्तन ठरवला आहे. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे लेखी तक्रार करा. अर्ज लिहायला मी मदत करीन.