न ऐकलेल्या गाण्याची वर्गणी

नमस्कार मंडळी. माझी ओळख करून देताना अध्यक्ष म्हणाले की वक्ते रॉक संगीताचे अभ्यासक आहेत. तेवढं एक मागे घ्यावं ही विनंती. अभ्यासकाला दहा बँड सारख्याच अंतरावरून दिसतात. मला एकच दिसतो, आणि तोही फार जवळून. मी मॅरिलियनचा चाहता आहे, पस्तीस-छत्तीस वर्षं. आमच्या घरात याला छंद म्हणत नाहीत, खोड म्हणतात.

‘मॅरिलियन कोण?’ हा प्रश्न तुमच्या चेहऱ्यावर दिसतोय. सवय आहे मला त्याची. 1979 साली इंग्लंडमधल्या एल्सबरी या गावात हा बँड उभा राहिला. टॉल्किनच्या ‘द सिल्मारिलियन’ या पुस्तकावरून नाव ठेवलं आणि पुढचं ‘सिल’ काढून टाकलं. वाजवतात ते प्रोग्रेसिव्ह रॉक. म्हणजे गाणं तीन मिनिटांत संपलंच पाहिजे हा रेडिओचा नियम न मानणारं संगीत. एकेक रचना पंधरा-वीस मिनिटांची, मध्येच लय बदलते, चार मात्रांवर चाललेलं गाणं आपल्या रूपकासारखं सात मात्रांवर जातं. ज्यांनी विलंबित ख्याल बसून ऐकलाय त्यांना यात धीर धरण्यासारखं काही वाटू नये. पण तेच लोक पहिल्या पाच मिनिटांत विचारतात, ‘गायला कधी सुरुवात करणार हा?’

माझ्यापर्यंत हे आलं ते 1988 साली, हॉस्टेलवर, एका मित्राने भरून दिलेल्या कॅसेटमधून. अल्बम होता ‘मिसप्लेस्ड चाइल्डहुड’, 1985चा. त्याच्या दोन बाजू वीस-वीस मिनिटांच्या आणि कॅसेट साठची. दोन्हीकडे दहा-दहा मिनिटं कोरी उरतात. कॅसेट मुळात मित्राच्या वडिलांची, त्यामुळे कोरी नव्हतीच ती. पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं ‘हार्ट ऑफ लोथियन’ संपलं की खट्ट असा आवाज यायचा आणि पाठोपाठ पेटी. नाट्यगीत, तेही मधूनच सुरू झालेलं. कित्येक वर्षं मी हे दोन्ही एकाच दमात ऐकत आलो.

त्या अल्बममधलं ‘केली’ हे गाणं ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. इतकं गाजलं की तिकडे मुलींची नावं केली ठेवायची लाट आली. पहिला क्रमांक हुकला तो ब्रॅडफर्डच्या फुटबॉल मैदानातल्या आगीतल्या पीडितांसाठी अनेक कलाकारांनी मिळून केलेल्या एका गाण्यामुळे. त्या कलाकारांच्या गटाचं नाव होतं ‘द क्राउड’. गर्दी! हे नाव लक्षात ठेवा, पुढे गंमत आहे.

तर मी ऐकायला लागलो आणि त्याच वर्षी गायक बँड सोडून गेला. फिश त्याचं नाव. स्कॉटिश, साडेसहा फुटी माणूस, गाणी लिहायचा तोच, मंचावर तोंड रंगवून यायचा तोच. मला हे कळायला आणखी वर्ष लागलं, तेव्हा बातम्या बोटीने यायच्या म्हणा ना. 1989मध्ये स्टीव्ह होगार्थ आला. आवाज वेगळा, स्वभाव वेगळा, कुठल्याच अंगाने फिशसारखा नाही. तिथे चाहत्यांची जी फाळणी झाली ती अजून मिटलेली नाही. ‘खरा मॅरिलियन फिशबरोबर संपला’ म्हणणारे आजही भेटतात. आपल्याकडे नाही का, नाटकातला मूळ नट बदलला की लोक पुढची तीस वर्षं सांगत राहतात, तुम्ही ते पाहिलंच नाहीत! गंमत अशी, की फिशबरोबर त्यांचे चार अल्बम झाले, 1983 ते 1987. होगार्थ आला त्याला आता पस्तीस वर्षं होऊन गेली, आणि तेव्हापासून ते पाचही जण तेच आहेत. तरी नवा गायक तो नवाच.

मीसुद्धा होगार्थला पहिली काही वर्षं सावत्रच वागवलं. मग ‘ब्रेव्ह’ आला, 1994चा. सेव्हर्न नदीच्या पुलावर भटकताना सापडलेली एक मुलगी, आपण कोण हे सांगायलाच तयार नाही, ही बातमी होगार्थने रेडिओवर ऐकली होती. त्या एका बातमीवर सत्तर मिनिटांचा अल्बम. ऐकायला जड आहे, पहिल्यांदा मला झोप लागली होती. चौथ्यांदा ऐकताना हातातला चहा गार झाला. कंपनीच्या हिशेबात मात्र तो बसला नाही. आणखी एक अल्बम झाला आणि ईएमआय या रेकॉर्ड कंपनीबरोबरचा करार संपला.

आता मुख्य गोष्ट. 1997 साल. नवा अल्बम तयार, पण अमेरिकेचा दौरा करायला पैसे नाहीत. असे दौरे तोट्यात चालतात, तो तोटा एरवी कंपनी सोसते. की-बोर्ड वाजवणारे मार्क केली यांनी इंटरनेटवर चाहत्यांना हे सरळ सांगून टाकलं, येणं जमणार नाही, एवढे एवढे डॉलर कमी पडतात. त्यावर अमेरिकेतल्या एकाने सुचवलं, मग आपण गोळा करू या. बँडने मागितले नव्हते. चाहत्यांनी स्वतःच बँकेत खातं उघडलं आणि साधारण साठ हजार डॉलर जमवले. दौरा झाला. इंटरनेटवर लोकांकडून अशी वर्गणी गोळा करून देणारी किकस्टार्टर ही वेबसाइट निघाली 2009 साली, म्हणजे तिच्या बारा वर्षं आधीची ही वर्गणी. ज्या गर्दीने पहिला क्रमांक हिरावला होता, ती दुसऱ्या दाराने आत आली म्हणायची.

बँड यातून शिकला. 2001च्या अल्बमसाठी त्यांनी चाहत्यांना विचारलं, अजून एक सूरही रेकॉर्ड केलेला नाही, आत्ताच विकत घ्याल का? बारा हजारांहून जास्त लोकांनी पैसे भरले. अल्बमचं नाव ‘अनोरॅक्नोफोबिया’. अनोरॅक म्हणजे टोपी असलेला जाडाभरडा कोट. इंग्लंडमध्ये फलाटावर उभं राहून रेल्वे इंजिनांचे नंबर टिपणारे छांदिष्ट तो घालतात, म्हणून छांदिष्टालाच अनोरॅक म्हणतात. थट्टा आमचीच होती, आणि पैसेही आम्हीच भरले होते!

यात परकं काही नाही खरं तर. मराठी प्रकाशकांनी प्रकाशनपूर्व सवलतीवर किती जाडजूड खंड काढले, आठवा. पोस्टाने मनीऑर्डर पाठवायची आणि वाट बघायची. पण तिथे बहुधा लेखक माहीत असतो, मजकूर लिहून झालेला असतो. इथे काहीच झालेलं नव्हतं. 2004च्या ‘मार्बल्स’ या दुहेरी अल्बममध्ये तर आधी पैसे भरणाऱ्यांची नावं पुस्तिकेत छापली. मार्बल्स म्हणजे इथे गोट्या, संगमरवर नव्हे. पण देवळाच्या पायऱ्यांवर देणगीदारांची नावं कोरतात ना, तसंच ते. त्यातलं ‘यू आर गॉन’ ब्रिटनमध्ये सातव्या क्रमांकावर गेलं. मधली किती वर्षं अशी कोरडी गेली होती!

आता प्रश्न असा, की आपण आगाऊ पैसे भरतो तेव्हा नेमकं काय विकत घेतो? माझ्या मते, निराश व्हायचा हक्क. पुढचा अल्बम मला आवडेलच असं कुणी म्हटलेलं नाही. 1998चा ‘रेडिएशन’ मला आजही आवडत नाही, आवाज कसा दबल्यासारखा, डोक्यावर चादर घेऊन वाजवल्यासारखा वाटतो. हे मी चारचौघांत सांगतो, कारण तो मी पन्नासेक वेळा ऐकलाय. चाहता आंधळा असतो हा समज चुकीचा आहे. आमच्याइतकं टोचून बोलणारं कुणी नसेल. पण टोचून बोलणं वेगळं आणि फर्माईश वेगळी. सुरुवातीच्या काळात त्यांनी ‘ग्रेन्डेल’ नावाची सतरा मिनिटांची रचना केली होती. नंतर वाजवणं सोडून दिलं. तरी कार्यक्रमात मागून कुणी तरी ‘ग्रेन्डेल!’ म्हणून ओरडायचंच. वर्षानुवर्षं. वर्गणी भरली म्हणून गणपतीची मूर्ती कुठली आणायची हे एकट्याने ठरवायला निघालेला सभासद आपल्याही गल्लीत असतो. त्याच्याशी वाद घालू नये, प्रसाद द्यावा.

‘मार्बल्स’मध्येच ‘ओशन क्लाउड’ आहे, जवळजवळ अठरा मिनिटांचं. डॉन अॅलम नावाचा माणूस अटलांटिक महासागर एकट्याने वल्हवत ओलांडून गेला, आणि मग वल्हवतच परत आला. दोन्ही दिशांनी तसं करणारा तो पहिला. गाणं त्याला अर्पण केलंय. मधे एक जागा येते, वादळ ओसरतं, स्टीव्ह रॉथरीची गिटार एकेक सूर सोडत जाते, घाई नाही, दाखवेगिरी नाही. पैसे भरले तेव्हा असलं काही येणार आहे हे मला ठाऊक नव्हतं. मागायला सांगितलं असतं तर मी ‘केली’सारखं आणखी एखादं मागितलं असतं, आणि ते मिळालं असतं तर ‘ओशन क्लाउड’ झालंच नसतं.

2002पासून ते ‘मॅरिलियन वीकेंड’ही भरवतात. नेदरलँड्सच्या किनाऱ्यावर पोर्ट झेलांडे म्हणून सुट्टीचं गाव आहे, छोट्या छोट्या बंगल्यांचं. तीन रात्री, रोज वेगळी गाणी, एखाद्या रात्री अख्खा अल्बम. निवृत्तीचे पैसे आल्यावर मी एकदा जाऊन आलो, बायकोला घेऊन. ती आली ती ट्युलिप बघायला. मार्चमध्ये ट्युलिप नसतात, हे मी तिला आधी सांगायला हवं होतं. वारा असा की छत्री उलटी. पण मंडळी, आयुष्यात पहिल्यांदा मी अशा गर्दीत उभा होतो, जिथे मॅरिलियन कोण हे कुणालाही समजावून सांगावं लागत नव्हतं. बहुतेकांचे केस माझ्यासारखेच पांढरे. रांगेत एका बाईने माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, कुठला अल्बम पहिला ऐकलास एवढं विचारलं.

शेवटच्या दिवशी पाऊस लागला. आम्ही बंगल्यात सामान भरत होतो. शेजारच्या बंगल्यात कुणीतरी रेकॉर्ड प्लेयर घेऊन आलं होतं, भिंतीपलीकडून ‘मिसप्लेस्ड चाइल्डहुड’ येत होतं. ‘हार्ट ऑफ लोथियन’ संपलं. शेजारी उठून तबकडी पालटत असणार, तेवढा वेळ सगळं शांत. बायको साडीची घडी घालत होती. मान वर न करता म्हणाली, “आता पेटी.”