टक्कल, मामा आणि नर्मदेचं पाणी

(इंदूरमध्ये गणेशोत्सवात एका त्वचारोगतज्ज्ञांनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

बसा मंडळी. विषय जाहीर झाल्यावर पुढच्या रांगेतल्या दोघांनी टोप्या चढवल्या, ते मी पाहिलं. काढून ठेवा. मांडवात आधीच उकडतंय, आणि टोपीनं किंवा हेल्मेटनं टक्कल पडत नाही, हे आज सांगायचंच आहे.

केसांची तक्रार घेऊन येणाऱ्याचं पहिलं वाक्य ठरलेलं : ‘डॉक्टर, बोअरिंगच्या पाण्यानं वाट लावली.’ हिंदीत सांगणारा ‘भिया’ जोडतो, एवढाच फरक. आता आमच्या रामबागेतल्या जुन्या घरात १९६२ सालच्या एका मुंजीचा फोटो आहे. त्यात काका-मामा मोजले तर अकरा, पैकी सहा टकले. नर्मदेचं पाणी इंदूरला आलं १९७८ साली. म्हणजे ही मंडळी विहिरीच्या नाहीतर यशवंतसागर तलावाच्या पाण्यानं नहायची. आम्ही नर्मदेच्या पाण्यावर वाढलो, आता कॉलन्यांत पोरं बोअरिंगचं वापरतात. पाणी दोनदा बदललं, कपाळं मात्र त्याच दोन कोपऱ्यांतून मागे सरकली. क्षाराच्या पाण्यानं केस राठ होतात, तुटतात, हे खरं. मुळाला त्याचं काही नसतं.

हे किती जणांना होतं? युरोपीय वंशाच्या पुरुषांत पन्नाशीपर्यंत साधारण निम्म्यांना. आशियात प्रमाण कमी. चीनमधल्या ६ शहरांच्या एका मोठ्या पाहणीत पुरुषांत सुमारे २१ टक्के आणि बायकांत ६ टक्के निघालं. वय चढेल तसा आकडाही चढतो.

आणि यात केस ‘गळतात’ म्हणणंही अर्धंच खरं. डोक्यावर लाखभर केस, त्यांतले रोज ५० ते १०० सगळ्यांचेच जातात. खरी गोष्ट भिंगातून दिसते. कपाळाच्या वरच्या भागावर भिंग धरलं की एक केस चांगला जाड, त्याला खेटून दुसरा रेशमाच्या तंतूएवढा, तिसरा तर तान्ह्या बाळाच्या लवेसारखा. मागे मानेवर धरलं की सगळे सारखे. हा फरक दिसला की बहुधा निदान झालं. टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी नावाचं हार्मोन बनतं, आणि पुढची व टाळूवरची मुळं त्याला हळवी असतात. एरवी २ ते ६ वर्षं वाढणारा केस तिथे दर फेरीला कमी वाढतो, बारीक होतो. कानांवरची झालर टिकते ती याचमुळे, आणि प्रत्यारोपणासाठी केस तिथूनच उचलतात.

१९४२ साली जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन शरीररचनातज्ज्ञानं हे उलगडलं. वयात येण्याआधीच ज्यांचे वृषण गेले होते, अशा पुरुषांना टक्कल पडत नव्हतं. त्यांना टेस्टोस्टेरॉन दिल्यावर ज्यांच्या घराण्यात टक्कल होतं त्यांचं पडू लागलं. औषध थांबवल्यावर पडणं थांबलं, पण गेलेलं परत आलं नाही. टकल्या माणसात पौरुष जास्त, ही फुशारकीसुद्धा सोडा. बहुतेकांच्या रक्तात हार्मोन इतरांइतकंच असतं.

आता मामा. या हार्मोनला दाद देणारं एक मोठं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे, आणि मुलाला तो एक्स आईकडूनच मिळतो. म्हणून मामाच्या डोक्याकडे बघण्याची आपली सवय अगदीच चुकीची नाही. पण ब्रिटनमधल्या ५२ हजारांवर पुरुषांच्या अभ्यासात, २०१७ साली, टकलाशी जोडलेल्या २८७ जागा सापडल्या. तेव्हा बाबांनी सगळा आळ सासुरवाडीवर ढकलू नये.

बायकांचं मात्र कुणी बोलत नाही. त्यांची कपाळाची रेघ जागेवर राहते आणि भांग रुंदावतो. दोन हळदीकुंकवांचे फोटो शेजारी ठेवले की कळतं. पाळी अनियमित, चेहऱ्यावर केस, मुरुमं असं सोबत असेल तर पीसीओएसची, म्हणजे अंडाशय आणि हार्मोनच्या बिघाडाची, तपासणी करा. डेंग्यू, टायफॉइड किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी मुठीमुठीनं जातात, ते प्रकरण वेगळं. ते केस बहुधा परत येतात.

मला जास्त काळजी वाटते ती पंचविशीत टाळू उघडी पडलेल्या मुलांची. लवकर पडणारं टक्कल आणि पोटाचा घेर, साखर, रक्तदाब, हृदयविकार यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसलाय, सिगारेटचाही. एकामुळे दुसरं होतं असं नव्हे. पण सकाळी पोहे-जिलेबी आणि रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत चरणारा मुलगा माझ्याकडे हजाराचा शाम्पू दाखवायला येतो, तेव्हा मी आधी त्याच्या दंडाला पट्टा बांधतो.

औषधं आहेत. मिनॉक्सिडिल हे मुळात रक्तदाबाचं, लावल्यावर सुरुवातीला गळती वाढते आणि लोक घाबरून सोडतात. फिनास्टेराइडनं डीएचटी कमी होतं. काहींना त्यानं लैंगिक तक्रारी होतात, गरोदर बाईनं ते घेऊच नये. दोन्ही सोडली की फायदा ओसरतो.

मागून प्रश्न आलाय : तासून टाकलं की दाट येतात का? नाही, काका. वस्तऱ्यानं टोक बोथट होतं म्हणून हाताला राठ लागतं. मूळ कातडीखाली असतं, त्याला वस्तऱ्याची खबरही नसते. बाकीचे प्रश्न आरतीनंतर घेऊ, प्रसादाची ताटं आली आहेत.