‘फाइल उघडत नाही, लवकर बघा’

(पडद्यावर: तक्रारीचा फॉर्म. एकच ओळ टाइप होते – ‘फाइल उघडत नाही, लवकर बघा.’)

तक्रार खरी आहे. पण ती वाचणाऱ्या डेव्हलपरच्या मशीनवर फाइल व्यवस्थित उघडतेय. जो बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधला दोष, त्याला स्वतःला दिसत नाही, तो दुरुस्त झाला की नाही हे तपासणार कसं? म्हणून बग रिपोर्टचं काम एकच: तोच बग दुसऱ्याच्या मशीनवर घडवून दाखवणं. कारण शोधणं हे वापरणाऱ्याचं काम नाही.

हीच तक्रार पुन्हा लिहू.

(पडद्यावर: जुनी ओळ पुसली जाते, नवा मजकूर उमटतो.)

शीर्षक: ‘नावात # असलेली पीडीएफ डाउनलोड करताना ४०४ एरर’. पायऱ्या: लॉगिन करा, ‘अहवाल#२’ नावाची पीडीएफ अपलोड करा, यादीत तिच्यावर क्लिक करा. काय व्हायला हवं होतं: फाइल डाउनलोड. काय झालं: ४०४. आणि शेवटची ओळ: तीच फाइल ‘अहवाल२’ नावानं टाकली, तर नीट उतरते.

या शेवटच्या ओळीनं निम्मं काम केलं. वेब पत्त्यात # या चिन्हापासून पुढचा भाग ब्राउझर सर्व्हरला पाठवतच नाही. सर्व्हरकडे मागणी गेली ती नुसत्या ‘अहवाल’ची, आणि त्या नावाची फाइल तिथं नाही, म्हणून ४०४, म्हणजे ‘सापडलं नाही’. पत्ता तयार करताना त्या चिन्हाच्या जागी %२३ हा कोड घालायचा राहिला होता. रिपोर्टमध्ये कुणी सोयीसाठी ‘माझी फाइल’ एवढंच लिहिलं असतं, तर हा बग सापडणं अवघड होतं. खासगी नाव लपवायचं असेल तर अक्षरं बदला. चिन्हं, स्पेस आणि लांबी मात्र तशीच राहू द्या.

पाठवण्याआधी एकदा प्रायव्हेट विंडोत करून पाहा. तिथं जुन्या कुकीज (साइटनं ब्राउझरमध्ये साठवलेल्या छोट्या नोंदी) नसतात आणि एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडलेली जादा साधनं, सहसा बंद असतात. तिथं सगळं सुरळीत चाललं, तर संशय एक्स्टेंशनवर किंवा जुन्या साठवलेल्या डेटावर. एक्स्टेंशन सोळा असली तरी एकेक तपासत बसू नका. निम्मी बंद करा, बघा, दोष ज्या निम्म्यांत निघेल त्यांतली पुन्हा निम्मी. दोषी एकच असेल तर चार फेऱ्यांत हाती लागतं.

व्हर्जनच्या रकान्यात ‘लेटेस्ट’ लिहू नका. पुढच्या आठवड्यात लेटेस्ट वेगळंच असतं. पूर्ण आकडा हवा, विंडोज असेल तर बिल्ड नंबरसुद्धा. आधीच्या कुठल्या व्हर्जनमध्ये हे चालत होतं ते माहीत असेल, तर ते जरूर लिहा. त्या दोन व्हर्जनमध्ये हजार बदल झाले असले, तरी निम्मे-निम्मे करत साधारण दहा चाचण्यांत नेमका बदल सापडतो. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या साधनातली बायसेक्ट कमांड हेच करते.

(पडद्यावर: एरर बॉक्स. कंट्रोल आणि सी या कळा दाबल्या जातात, नोटपॅडमध्ये मजकूर पेस्ट होतो.)

एररचा फोटो नको, मजकूर हवा. फोटोतलं वाक्य थेट कॉपी करून कोडमध्ये शोधणं सोपं नसतं. विंडोजच्या साध्या मेसेज बॉक्सवर कंट्रोल-सी दाबलं की आतला मजकूर कॉपी होतो, हे फारसं कुणाला माहीत नसतं. मांडणी विस्कटली असेल तर मात्र स्क्रीनशॉटच द्या, आणि तो पूर्ण विंडोचा.

बग कधी येतो, कधी नाही? मग ‘कधीकधी’ऐवजी ‘दहापैकी तीन वेळा’ असं लिहा. सोबत घटनेची वेळ आणि टाइमझोन. सर्व्हरचे लॉग, म्हणजे आपोआप होणाऱ्या नोंदी, बऱ्याचदा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत असतात. टाइमझोनशिवाय त्यात नेमकी ओळ शोधणं कठीण.

वेबसाइटचा बग असेल तर कधीकधी नेटवर्क लॉग, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरमधल्या देवाणघेवाणीची नोंद, मागतात. एफ-१२ दाबून नेटवर्क टॅब आधी उघडा आणि मग बग घडवा, कारण टॅब उघडण्यापूर्वीचं त्यात नोंदलं जात नाही. हा लॉग ज्या हार (HAR) फाइलमध्ये सेव्ह होतो, ती मात्र सर्वांना दिसेल अशा जागी टाकू नका. तिच्यात लॉगिनचे टोकन (लॉगिन झाल्याची ओळख पटवणारे कोड), कुकीज, प्रसंगी पासवर्डही असू शकतो. दुसऱ्याचा डेटा दिसण्यासारखी सुरक्षेची त्रुटी असेल, तर अख्खा रिपोर्टच खासगीत पाठवायचा.

दोन बग सापडले तर दोन रिपोर्ट. एकत्र लिहिले की एक सुटल्यावर रिपोर्ट बंद होतो आणि दुसरा त्याच्यासोबत विसरला जातो.

(पडद्यावर: रिपोर्टची स्थिती बदलते – ‘दुरुस्त’.)

नवं व्हर्जन आलं की त्याच पायऱ्या, त्याच फाइलवर पुन्हा करा, आणि कोणत्या व्हर्जनवर तपासलं ते खाली नोंदवा.