एम्पोरियाचे दैनिक आणि त्याचा संपादक

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेतील कॅन्सस राज्यात एम्पोरिया नावाचे लहान गाव आहे. तेथील ‘एम्पोरिया गॅझेट’ हे दैनिक १८९५ साली २७ वर्षांच्या विल्यम ॲलन व्हाइट यांनी ३,००० डॉलर उसने घेऊन विकत घेतले आणि १९४४ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याचे संपादन केले. लहान गावात ज्यांच्यावर आपण टीका करतो, तेच दुसऱ्या दिवशी रस्त्यात समोर उभे असतात. माझ्या मते या दैनिकाचा सारा इतिहास या एका गोष्टीभोवती फिरतो.

१८९६ च्या ऑगस्टमध्ये पॉप्युलिस्ट या शेतकऱ्यांची बाजू घेणाऱ्या पक्षाच्या लोकांनी व्हाइट यांना रस्त्यात गाठून छेडले. संतापलेल्या व्हाइट यांनी कचेरीत जाऊन त्या पक्षाविरुद्ध जो जहाल अग्रलेख लिहिला, तो रिपब्लिकन पक्षाने देशभर वाटला आणि संपादकाचे नाव एका दमात सर्वतोमुखी झाले. पुढे त्यांची मते बरीच बदलली, आणि १९१२ मध्ये ते थिओडोर रूझवेल्ट यांच्या पुरोगामी पक्षाबरोबर होते.

१९२२ चा रेल्वे कामगारांचा संप ही खरी कसोटी होती. संपकऱ्यांना शंभर टक्के पाठिंबा दर्शवणारी पत्रके दुकानांत लावण्यास राज्यपाल हेन्री ॲलन यांनी बंदी केली. ॲलन हे व्हाइट यांचे जुने मित्र. तरीही व्हाइट यांनी आपल्या खिडकीत पत्रक लावले, पाठिंबा मात्र ४९ टक्के लिहिला आणि संप शांततेत चालला तर तो रोज वाढवू, असे जाहीर केले. त्यांच्यावर खटला भरला गेला, जो पुढे मागे घेण्यात आला. मतस्वातंत्र्यावर त्या वेळी लिहिलेल्या अग्रलेखाला १९२३ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले.

तरीही मला सर्वांत जवळचा वाटतो तो त्याच्या आदल्या वर्षीचा लेख. व्हाइट यांची १६ वर्षांची मुलगी मेरी घोड्यावरून जात असता झाडाच्या फांदीचा मार डोक्याला बसून दगावली. वृत्तसंस्थेने ती घोड्यावरून पडल्याचे कळवले होते. वडिलांनी १७ मे १९२१ च्या अंकात तिच्यावर लिहिले, तेव्हा प्रारंभीच ती चूक दुरुस्त केली: मेरी आयुष्यात कधी घोड्यावरून पडली नव्हती.