दारापासून दारापर्यंतचा हिशेब

नमस्कार श्रोतेहो.

दिवाळी आटोपली की माझ्याकडे ओळखीची मंडळी एकच प्रश्न घेऊन येतात. मे महिन्यात मुलांना घेऊन युरोपला जायचं आहे, तर माणशी किती धरायचे? त्यातला ‘माणशी’ हा शब्द मला पहिल्यांदा बाजूला ठेवावासा वाटतो. युरोपातला खर्च माणशी काढला की चुकतो. तो अख्ख्या घराचा काढावा लागतो, घराच्या दारापासून हॉटेलच्या दारापर्यंत, आणि मुलांची वयं समोर लिहून.

पॅरिसचंच बघा. शार्ल द गोल विमानतळावरून शहरात यायला लोकल गाडी आहे. 2025 च्या दरानं तिचं तिकीट 13 युरो होतं. अधिकृत टॅक्सीचं भाडं सरकारनं ठरवून दिलेलं असतं. त्या वर्षी ते सीन नदीच्या उजव्या तीरावर 56 युरो आणि डाव्या तीरावर 65 युरो होतं. एकटा माणूस अर्थातच गाडीनं जाईल. पण आई, वडील आणि शाळेतली दोन मोठी मुलं असली, तर गाडीचे 52 युरो होतात. हॉटेल उजव्या तीरावर असेल, तर फक्त चार युरोंसाठी रात्रभर प्रवास करून आलेल्या मुलांना आणि बॅगांना घेऊन मेट्रोचे जिने चढायचे का? मी टॅक्सी घेईन. तीच मुलं दहाच्या आतली असतील तर त्यांना अर्धं तिकीट, म्हणजे गाडीचे 39 युरो होतात आणि मग विचार करायला जागा आहे. घर चौघांचंच, पण उत्तर बदललं. टॅक्सी मात्र बाहेरच्या रांगेतूनच घ्या. आत इमारतीत येऊन ‘टॅक्सी, टॅक्सी’ विचारणाऱ्यांच्या मागे जाऊ नका.

स्वस्त विमानांचंही असंच. तिकिटावर ‘पॅरिस’ लिहिलेलं असतं आणि विमान उतरतं बोव्हेला. हे गाव पॅरिसपासून सुमारे ऐंशी किलोमीटर, म्हणजे नागपूरचं तिकीट काढून वर्ध्याला उतरल्यासारखं. तिथून बसचे माणशी पंधरा युरोंहून जास्त आणि वर सव्वा तास. शिवाय त्या तिकिटात बहुतेक वेळा मोठी बॅग धरलेली नसते. चार बॅगांचे पैसे, बसचे पैसे आणि पहाटेच्या विमानासाठी वाया गेलेली हॉटेलची रात्र मिळवा, मग ते तिकीट स्वस्त होतं का ते पाहा.

नागपूरकरांनी आणखी एक जपावं. मुंबईपर्यंतचं आणि पुढचं तिकीट वेगवेगळं काढलं, आणि सोनेगावहून निघणारं विमान उशिरा सुटलं, तर पुढची कंपनी तुमच्यासाठी थांबत नाही आणि पैसेही सहसा परत करत नाही. एकाच तिकिटावर सगळा प्रवास असेल तर पुढे पोचवण्याची जबाबदारी कंपनीची राहते. वेगळंच काढायचं असेल तर मुंबईत अर्धा दिवस तरी हाताशी ठेवा.

आता मुलांची वयं, कारण खरी बचत तिथे आहे. स्वित्झर्लंडच्या स्विस ट्रॅव्हल पासबरोबर फॅमिली कार्ड मोफत मिळतं. ते मागून घ्यावं लागतं. त्यावर सोळा वर्षांच्या आतली मुलं आईवडिलांबरोबर रेल्वे, बस आणि बोटीनं फुकट फिरतात. बऱ्याच देशांतल्या रेल्वेत चालणाऱ्या युरेल पासवर मात्र 4 ते 11 वर्षांचीच मुलं मोफत, आणि एका मोठ्या माणसामागे दोनच. बारा पूर्ण झाली की पासचे पैसे पडतात. वय धरतात ते पास सुरू होण्याच्या पहिल्या दिवशीचं. म्हणून मुलीचा बारावा वाढदिवस वीस मेला असेल, तर पास अठराला सुरू केला की पासची रक्कम वाचते. पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात अठराच्या आतल्यांना प्रवेश मोफत आहे. हे सगळं तिकिटं काढण्याआधी माहीत असलं तरच कामाचं.

पास काढला म्हणजे सगळं झालं असं मात्र समजू नका. फ्रान्सच्या टीजीव्ही आणि इटलीच्या वेगवान गाड्यांत पास असूनही जागेचं आरक्षण वेगळे पैसे देऊन करावं लागतं, मोफत पास असलेल्या मुलाचंसुद्धा. दोन-तीनच मोठे प्रवास असतील तर सुटी तिकिटं महिनोन्महिने आधी काढणं बहुधा स्वस्त पडतं. तिथे आपल्यासारखी वेटिंग लिस्ट नाही. गाडी भरत जाते तसे दर चढतात. स्टेशनचं नाव पूर्ण वाचा. आपल्याकडे नागपूर, अजनी आणि इतवारी वेगळी, तशी पॅरिसला गार दु नोर, गार द लेस्त, गार द लियों अशी अनेक आहेत. ब्रसेल्सची गाडी नोरहून, तर स्वित्झर्लंडची लियोंहून.

पैशांबद्दल आधी एक घडलेली गोष्ट सांगते. झ्युरिकच्या विमानतळावर तिकिटाच्या यंत्रात मी कार्ड घातलं आणि ते नाकारलं गेलं. दुसरं कार्ड घातलं, तेही नाही. सोबत सासूबाई, दोन मुलं, संध्याकाळचे सात. इथे तेव्हा रात्रीचे साडेदहा झाले होते. कार्डांवर परदेशातला वापर सुरूच केलेला नव्हता. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमानुसार नव्या कार्डांवर तो आपणहून सुरू करावा लागतो. बँकेच्या ॲपमध्ये दोन मिनिटांचं काम आहे, पण ते करायचं नागपुरात. तेव्हापासून आम्ही नवराबायको दोन वेगळ्या बँकांची कार्डं दोन वेगळ्या पाकिटांत ठेवतो आणि थोडी रोख वेगळी.

दुकानात किंवा एटीएमवर यंत्र विचारतं, ‘रुपयांत घेऊ की युरोंत?’ आपल्याला रुपये ओळखीचे वाटतात, म्हणून बोट तिकडे जातं. नेहमी तिथलंच चलन निवडा. रुपये निवडले की रूपांतराचा दर ते यंत्रवाले ठरवतात, आणि तो सहसा आपल्या बँकेच्या दराहून महाग पडतो. चौघांच्या हॉटेलच्या बिलावर हा फरक जाणवण्याइतका मोठा होतो. स्वित्झर्लंडमध्ये फ्रँक चालतो, झेकमध्ये कोरुना, हंगेरीत फोरिंट. तिथे सगळे युरो बदलून घेऊन जायची गरज नाही, कार्डावर भागतं. सुटी नाणी मात्र जपा. स्टेशनवरच्या स्वच्छतागृहाला पन्नास सेंट ते एक युरो लागतो, आणि लहान मुलं थांबत नाहीत. पाण्यावर खर्च करू नका. रोममधल्या रस्त्यावरच्या नळांचं आणि झ्युरिकमधल्या बाराशेहून अधिक कारंज्यांचं पाणी पिण्याजोगं आहे. रिकामी बाटली घरूनच न्या.

युरोपातल्या बहुतेक देशांसाठी मिळून एकच असलेल्या शेंगेन व्हिसाचं शुल्क जून 2024 पासून मोठ्यांना 90 युरो, 6 ते 11 वर्षांच्या मुलांना 45, आणि सहाच्या आतल्यांना नाही. सेवाशुल्क वेगळं. तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच. अर्ज सहा महिने आधी करता येतो, तो लवकर करा. केंद्र मुंबईला असेल तर बोटांचे ठसे द्यायला जाण्याचा खर्चही याच वहीत लिहा.

विदर्भातल्या शाळा उन्हाळ्यानंतर उर्वरित महाराष्ट्राहून उशिरा उघडतात. इथे पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना तिथे मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत हवा छान असते. तिकडच्या मुलांच्या सुट्या मुख्यतः जुलै-ऑगस्टमध्ये, तेव्हा हॉटेलं सगळ्यात महाग. ही आपली सोय आहे, ती वापरा.

आणि बॅगा. तिथे हमाल मिळत नाही, गाडी मधल्या स्टेशनावर दोन-तीन मिनिटं थांबते, आणि जुन्या घरांना लिफ्ट नसते. निघायच्या आठवडाभर आधी बॅगा पूर्ण भरा. मग आपल्याच इमारतीचे दोन जिने प्रत्येकानं स्वतःची बॅग घेऊन चढून पाहावेत, मुलांनीसुद्धा. जी बॅग वर येणार नाही, तिच्यातलं सामान त्याच संध्याकाळी कपाटात परत ठेवा.

नमस्कार.