कॅप्टनवर बंदी आली की आपलं डोकं का फिरतं

नमस्कार मंडळी. आज जरा भांडणाचाच विषय घेतलाय. कॅप्टनला दंड झाला, बंदी आली की आपण फॅन लोक जे काही करतो ना, त्याबद्दल बोलू.

जुलै २०२३ आठवतोय? मीरपूर, बांगलादेशविरुद्धची तिसरी वनडे. आपल्या महिला टीमची कॅप्टन हरमनप्रीत कौर हिला आउट दिलं, तिला ते अजिबात पटलं नाही आणि तिने बॅट फिरवून थेट स्टंपच उडवला, जाता जाता अंपायरला चार शब्द सुनावले ते वेगळेच. मॅच टाय, दोन्ही टीमच्या २२५, सिरीज १-१, ट्रॉफी वाटून घ्यायची वेळ आली तर बाईंनी बक्षीस समारंभात अंपायरिंगवर पुन्हा तोंडसुख घेतलं, आणि फोटोच्या वेळी अंपायरांनाही बोलवा की असा टोमणा. बांगलादेशची कॅप्टन निगार सुल्ताना आपल्या मुलींना घेऊन सरळ निघून गेली.

आयसीसीचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय क्रिकेट संघटनेचा निकाल आला: मॅच फीच्या ७५ टक्के दंड आणि चार डिमेरिट पॉइंट, म्हणजे गैरवागणुकीचे गुण. आता हे चार झाले की त्याचे दोन सस्पेन्शन पॉइंट होतात, म्हणजे एक टेस्ट नाहीतर दोन वनडे किंवा टी-ट्वेंटी बाहेर बसायचं, जे आधी येईल ते. तिच्या वाट्याला आल्या हांगझोऊच्या एशियन गेम्समधल्या पहिल्या दोन मॅच, आणि त्यातली सेमीफायनल कोणाशी, तर बांगलादेशशीच! फायनलला आली आणि गोल्ड घेऊन गेली, तो भाग निराळा.

तेव्हा आपल्यात दोन तट पडले. एक म्हणे बरं केलं, अंपायरिंग होतंच तसं. दुसरे म्हणे देशाची लाज काढली, माजी क्रिकेटर मदन लाल यांनी तर बोर्डानेही कडक कारवाई करावी असं म्हटलं. मी? स्टंप उडाला तेव्हा मला मजा वाटली, खोटं कशाला बोलू. फोटोचा टोमणा मात्र नाही पटला, त्या समोरच्या मुलींनी काय घोडं मारलं होतं?

पण गंमत बघा, दोन्ही तटातल्या किती जणांनी तो निकाल वाचला असेल? आपण आधी नाव बघतो, मग शिक्षा जास्त की कमी ते ठरवतो. २००१ ला पोर्ट एलिझाबेथला मॅच रेफरी माइक डेनेसनी आपल्या सहा जणांना शिक्षा दिली, देशभर पुतळे जळले, पण कशासाठी? सचिनसाठी. त्याच निकालात कॅप्टन गांगुलीलाही टीम आवरली नाही म्हणून सस्पेंडेड बंदी होती, म्हणजे पुन्हा चुकला तरच लागू होणारी, ती आज कुणाला आठवते? आणि २००५ ला अहमदाबादला स्लो ओव्हर रेटमुळे, म्हणजे टीमने वेळेत ओव्हर टाकल्या नाहीत म्हणून, त्याच दादावर (गांगुलीवर) सहा वनडेंची बंदी आली (अपिलात चारवर आली म्हणा) तेव्हा काही जणांनी आरडाओरडा केला आणि काही जण चक्क गप्प बसले, कारण दादाच्या रन होत नव्हत्या. फॉर्म असता तर तीच बंदी अन्याय ठरली असती.

आता सगळाच राग आंधळा असतो असं म्हणत नाही मी. फेब्रुवारी २०१९, अँटिगा टेस्ट. वेस्ट इंडीजने इंग्लंडला तीन दिवसांत दहा विकेटनी लोळवलं, सिरीज खिशात घातली, आणि बक्षीस काय तर कॅप्टन जेसन होल्डर स्लो ओव्हर रेटमुळे पुढच्या टेस्टला बाहेर. अहो, मॅच तीन दिवसांत संपली तिथे वेळ कुणाचा वाया गेला? तेव्हा फक्त वेस्ट इंडीजवालेच नाही, ऑस्ट्रेलियाचा शेन वॉर्न आणि इंग्लंडचा मायकल वॉन यांच्यासारखे लोकसुद्धा ओरडले. आणि त्याच वर्षी जुलैत आयसीसीने नियमच बदलला, ओव्हर रेटसाठी एकट्या कॅप्टनला बाहेर बसवणं बंद, दंड अख्ख्या टीमला सारखा. तिथे ओरड होल्डरच्या नावापुरती नव्हती, नियमावर होती.

आणि शिक्षा संपल्यावर काय? ऑस्ट्रेलियाचा तेव्हाचा कॅप्टन स्टीव्ह स्मिथ. केपटाऊनला सँडपेपरने बॉल घासायचं प्रकरण, आयसीसीची एकच टेस्ट पण ऑस्ट्रेलियाच्या बोर्डाची अख्ख्या वर्षाची बंदी, कॅप्टनशिपला तर दोन वर्षं. सगळं भोगून तो २०१९ च्या वर्ल्डकपला आला, ओव्हलवर आपल्याविरुद्ध बाउंड्रीला उभा, आणि आपलीच पब्लिक त्याला हुर्यो करतेय. कोहली बॅटिंग करत होता. त्याने वळून स्टँडकडे हातवारे केले, हे काय चाललंय, टाळ्या वाजवा. मॅचनंतर फॅन्सच्या वतीने सॉरीही म्हणाला. मी टीव्हीसमोर बसून त्या हुर्योला हसत होतो, कोहलीचे हात दिसले आणि हसू गिळलं.

बरं, हुर्यो करायला गुन्हाच लागतो असंही नाही. २०२४ च्या आयपीएलमध्ये हार्दिक पांड्याला वानखेडेवर मुंबईच्याच लोकांनी हुर्यो केली, का तर रोहितच्या जागी कॅप्टन झाला म्हणून. टॉसला कॉमेंटेटर संजय मांजरेकरना सांगावं लागलं, जरा नीट वागा. त्याच सीझनच्या शेवटच्या मॅचला तिसऱ्यांदा ओव्हर रेट चुकला, ३० लाख दंड आणि एका मॅचची बंदी, ती गेली पुढच्या वर्षावर. आणि २०२५ चा सीझन सुरू व्हायच्या तोंडावर आयपीएलने तीनदा ओव्हर रेट चुकला की कॅप्टनवर थेट बंदी घालायचा नियमच काढून टाकला, पण हार्दिकची बंदी जुन्या सीझनची, ती तशीच राहिली, चेन्नईविरुद्ध तो बाहेर बसला आणि टॉसला सूर्यकुमार गेला.